मुलं किती, या प्रश्नाची तयारी

परांड्याच्या एस.टी. स्टँडवर वडिलांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात दिलं आणि म्हणाले, "बॅगेत टाकू नको. हातात असू दे." ते मार्केट यार्डात तोलारी करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. म्हणून लग्न होऊन कतारला निघालेल्या मुलीला निरोप द्यायला शाळेतले दोन गुरुजीसुद्धा आले होते. आई रडली नाही. गाडी हलली तशी खिडकीची दांडी धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "शिकलीस ते कुजवू नको." सत्तरचं दशक संपत आलं होतं.

दोह्यात पोचले आणि कुजवण्याशिवाय दुसरं काही करता येईना. हे एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होते. माझा व्हिसा ह्यांच्या नावावर, त्यावर मला नोकरी करता येत नव्हती. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीतला एसी दिवसभर घरघरत असायचा. मी भाजी निवडायची, धूळ पुसायची, दुपारपर्यंत ती पुन्हा बसलेली असायची. ज्या गुरुजींनी फी न घेता मला इंग्रजीचं व्याकरण शिकवलं होतं, त्यांना पत्रात काय लिहावं ते सुचायचं नाही.

मग एका शुक्रवारी ह्यांच्या साइटवरचे दोघं घरी आले. रंगनाथ आमच्याच मराठवाड्यातला, पाइप वेल्डर, सातवी पास. परब मालवणकडचा इलेक्ट्रिशियन. कॅनडाला अशा कारागिरांची गरज आहे, तिथल्या वकिलातीचा अधिकारी दोह्यात येऊन हॉटेलात मुलाखती घेणार आहे, असं त्यांना कळलं होतं. दोघांनी अर्ज केले होते. "वैनी," रंगनाथ दारातच उभा राहून म्हणाला, "सायब इंग्रजीत इचारणार. आमची तेवढी तयारी करून घ्या."

दोह्यात त्यांच्या वाट्याला काय होतं, ते गावाकडच्या तुम्हा मंडळींना कधी नीट सांगितलंच गेलं नाही. तुम्हाला दिसायचा टेपरेकॉर्डर आणि अत्तराची बाटली. मजुरांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण झोपायचे. मजुराला बायको-मुलं आणायची परवानगी नव्हती, आणि वीस वर्षं राबलं तरी काम संपलं की खलास, परत जा. कॅनडात मात्र कुटुंब नेता येणार होतं, काही वर्षांनी तिथलं नागरिक होता येणार होतं. रंगनाथनं धाकट्या मुलाला जन्मल्यापासून एकदाच पाहिलं होतं. त्याला हवं होतं ते इतकंच, की संध्याकाळी कामावरून आल्यावर घरात पोरं असावीत.

दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलाशी मी साहेब होऊन बसू लागले. राजधानी कोणती, प्रांत कोणते, बर्फ पडल्यावर काय कराल, काम मिळेपर्यंत कसं भागवाल. पाठांतराला दोघंही पक्के. घोडं अडायचं ते वेगळीकडेच. मी परबला विचारलं, "आर यू अ गुड इलेक्ट्रिशियन?" तो मान खाली घालून म्हणाला, "लिटल लिटल." अख्ख्या इमारतीचं वायरिंग एकट्यानं केलेला माणूस!

"अहो, असं सांगितलंत तर घरी पाठवतील तुम्हाला."

"वहिनीनू, आपणच आपली तारीफ करूची? बरा दिसता काय?" आणि मग हळूच, "थंय बांगडो गावता काय, ता जरा सायबाक इचारूया."

मी त्याला दहा वेळा 'येस सर, व्हेरी गुड' म्हणायला लावलं. दर वेळी तो लाजायचा. पण परबचं निभावलं. रंगनाथचं मात्र पहिल्याच सोप्या प्रश्नावर गाडं रुतलं.

"हाउ मेनी चिल्ड्रन?"

"फोर, सर."

अर्जात दोन होती. मी विचारलं तेव्हा कळलं, थोरला भाऊ विहिरीच्या कामावर दगड कोसळून गेला होता. त्याची मुलगी सुमन आणि मुलगा अंकुश रंगनाथच्याच घरात वाढत होते. भावजयही तिथेच. दोन भावाची, दोन रंगनाथची, एकूण चार. मी समजावलं की कागदावर जी तुमची तीच तुमची. तुम्ही चार म्हणालात की साहेबाला वाटणार हा खोटं बोलतो.

"दोन म्हणलं तर खोटं न्हाई व्हय?" तो म्हणाला.

मी समजावून थकले. पुढच्या शुक्रवारी तो 'टू' म्हणाला, जरा थांबला, आणि पुटपुटला, 'अँड टू'. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा 'फोर'. मी पेन्सिल आपटली. आतल्या खोलीतून हे ओरडले, "अगं, त्याला हिशेब शिकवतेयस की इंग्रजी?" मला हसू आलं नाही. आईच्या त्या वाक्यानंतर पहिल्यांदाच शिकलेलं कुणाच्या तरी कामी येत होतं, आणि हा गडी एका आकड्यापायी सगळं घालवायला बसला होता. "दत्तक घेता येतील का?" असंही मी विचारून पाहिलं. त्यानं कानाला हात लावले. "त्यांची आई जित्ती हाय, वैनी. तिच्याकडून ल्योक मागून घेऊ?"

शेवटी मी चिडून म्हणाले, "हे बघा, इंग्रजीत दोन म्हणा. मराठीत चार ठेवा. त्या साहेबाला मराठी येत नाही."

हे त्याला पटलं. कसं पटलं देव जाणे, पण त्यानंतर तो एकदाही चुकला नाही.

मुलाखतीच्या दिवशी हे दोघांना गाडीतून हॉटेलात घेऊन गेले. मीही गेले, लॉबीत बसले. परब बाहेर आला तो नाचतच. त्याच्यामागून रंगनाथ आला, कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "बाई, समदं इचारलं. दोन म्हणालो." त्या दिवशी मी वहिनीची शाळेतली बाई झाले. काही आठवड्यांनी दोघांची निवड झाल्याचं कळलं. मी श्रीखंड केलं. परबनं तीन वेळा मागून घेतलं आणि जाहीर केलं, "व्हेरी गुड इलेक्ट्रिशियन, व्हेरी गुड श्रीखंड." मी गुरुजींना चार पानी पत्र लिहिलं.

आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. त्यासाठी बायकोला आणि दोन मुलांना मुंबईला न्यायचं होतं. रंगनाथ रजा घेऊन गावी गेला आणि महिन्याभरानं परत आला. परत आला, म्हणजे दोह्यालाच आला, कॅम्पमध्ये, त्याच खोलीत. आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "न्हाई जमलं, वैनी."

मला वाटलं कुणाच्या छातीत डाग निघाला. तसं काही नव्हतं. ते मुंबईला गेलेच नव्हते. गावी पोचला तेव्हा घरात चौघा पोरांच्या चार पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. सुमनलाही कुणी सांगितलं नव्हतं की ती जाणाऱ्यांत नाही. त्या घरात असं वेगळं काढून कुणाला काही सांगायची पद्धतच नव्हती. ती बारा वर्षांची. तिनं रंगनाथला विचारलं, "काका, तिकडं थंडीत शाळेला सुट्टी असती का?"

"तिला म्या काय सांगणार हुतो?" तो म्हणाला. "भावजय चुलीपाशी बसलेली. चूल फुंकत राहिली."

मी त्याच्यावर ओरडले. खरंच ओरडले, शेजारच्या केरळी बाईनं दार उघडून पाहिलं इतकी. आधी तुम्ही जा, पैसे पाठवा, त्या दोघांना इथल्यापेक्षा चांगलं शिकवता येईल, तुमची दोन तरी मार्गाला लागतील. सगळं बरोबरच बोलत होते मी. तो पायरीवर बसून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "पर परीक्षेत पास झालो का न्हाई, बाई?"

"झालात."

"मंग झालं. तुमची मेहनत वाया न्हाई गेली." आणि चहा न घेता उठून गेला.

परब कॅनडाला गेला. काही वर्षांनी त्यानं तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली, सूट घातलेला फोटो पाठवला, मागे लिहिलं, 'बांगडो गावता, पण गोठलेलो.' रंगनाथ दोह्याजवळच्या उम्म सईदच्या कामावर आणखी कितीतरी वर्षं पाइप जोडत राहिला. त्याच्या पैशावर चौघं शिकली. पण ती मोठी होताना त्यानं पाहिली नाहीत, ना दोन, ना चार. त्याचं मोठेपण सांगून मला कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही. माझा राग अजून गेलेला नाही. त्याच्यावर, माझ्यावर, त्या साध्या प्रश्नावर, ज्याचं खरं उत्तर कुठल्याच देशाच्या रकान्यात बसत नव्हतं.

तुम्ही परांड्याला राहिलेले मला विचारता, इतकी वर्षं तिकडे काढलीस, तुझं घर कुठलं झालं? कॅनडाला गेलेलेही हेच विचारतात. कतारनं आम्हाला आपलं म्हटलं नाही, आम्हीही ती आशा केली नाही. परांड्यात आजही मी 'दोह्याची' आहे. पूर्वी या प्रश्नावर गावाचं नाव सांगायची. आता गावाचं नाव ओठांवर येत नाही, माणसं येतात, आणि ती मोजायला मला नको वाटतं.

रंगनाथनंतरही शुक्रवारी लोक येत राहिले. असाच एक लातूरकडचा फिटर नवीन आला, टेबलाशी अंग चोरून बसला. मी विचारलं, "हाउ मेनी चिल्ड्रन?" तो म्हणाला, "फाइव्ह." समोरच्या अर्जात तीन होती.

मी अर्ज बाजूला सरकवला आणि म्हणाले, "आधी पाचही जणांची नावं सांगा. साहेबाला किती सांगायची ते मग बघू."