दारातल्या बाई

मोबाईल नुकते लोकांच्या हाती दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी सेवा करणाऱ्यांना कसली मदत हवी, हे त्यांनाच विचारावं म्हणून आमच्या कार्यालयानं कसबा बावड्यात बैठक बोलावली. इतिवृत्त लिहायला मी. खुर्च्या पन्नास मांडल्या आणि आल्या एकच बाई.

त्याही दारातच थांबल्या. पायात चप्पल तशीच, मुठीत घराची किल्ली.

साहेब म्हणाले, "बसा की, ताई."

"बसत न्हाय. सासूला कुशीवर वळवून आलोय. परत वळवाय पायजे, न्हाईतर पाठ सोलती."

"बाकीचे का आले नाहीत?"

बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं. "सगळ्यांनी हितं यायचं, तर घरात त्यांच्याजवळ बसायचं कुणी? आधी तेवढं माणूस धाडा, मग इचारा की काय पायजे ते."

आणि त्या गेल्या.

साहेबांना मुद्दा फार पटला. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवला. वेळ तीच, सकाळी अकराची. माणूस मात्र कुणाच्याच घरी धाडला नव्हता. बाईंचं नाव विचारायचंही राहून गेलं होतं, म्हणून हजेरीपुस्तकात मी लिहिलं : दारातल्या बाई, गैरहजर.