डाव्या गुडघ्याजवळची रिकामी जागा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुकतं, पण हे कुणाला तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून वहीत लिहितेय. आमच्या घरात भुताखेताचं नाव कुणी काढत नाही. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच गंडेदोरे नदीत सोडले. मीही असलं कधी मानलं नाही… आजही मानते असं नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता अन् वर दुष्काळ. निलंगा तालुक्यात आमच्या गावाखाली मांजरा कोरडी पडलेली. पुण्याहून एक मॅडम आल्या, हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं शोधायला. खडी फोडायच्या कामावरून मला आणि शेजारच्या पद्मीणबाईला त्यांनी नेलं. काम हलकं — ब्रशनं माती झाडायची, गारगोटीची एकही कपची जागची हलवायची नाही.

खाली कपच्यांचा सडाच निघाला. मधे दोन लांब पट्टे मोकळे. मॅडम म्हणाल्या, इथं कुणीतरी पाय पसरून हत्यारं घडवत बसलं होतं, पाय होते तेवढी जागा मोकळी राहिली. खात्री करायला त्या स्वतः बाजूला तशाच बसून दगडावर दगड मारायच्या अन् आपल्या कपच्या कुठं पडतात ते कागदावर काढायच्या. सगळं जुळलं. फक्त डाव्या गुडघ्याजवळ हातभर जागा रिकामी होती, ती त्यांना कळेना. टोपली असेल का… पाण्याचं काही?

मला बघताक्षणी कळलं. खडी फोडताना आम्हीही लेकरू तिथंच ठेवायचो, हातोडीच्या हातापासून लांब. पण मॅडमसमोर माझं तोंड उघडेना. झोळीतून माझी नऊ महिन्यांची सुजाता काढली अन् त्या जागेत निजवली.

"लेकरू हाय का बी हाय गं, तिथं पेरायलीस?" पद्मीणबाई म्हणाली.

मॅडम मात्र हातातला दगड टाकून उठल्या. हलवू नकोस म्हणाल्या अन् कॅमेरा आणायला तंबूकडे गेल्या.

सुजाता एका जागी ठरणारी नव्हती आणि चारी बाजूंनी ब्लेडसारख्या कपच्या. मी हात पुढं करूनच बसले. पण ती हललीच नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. वर बघत होती… तिथं बसलेल्या बाईचं तोंड जिथं असेल, तिथं. भर दुपार, वारा नाही. अन् त्या मोकळ्या जागेतूनच आवाज — टक… टक… मॅडमचा दगड तर बाजूला पडलेला.

मी तिच्या काखेत हात घातले. ती येईना. पलीकडून कुणीतरी धरलं होतं. हिसका नव्हता. आपल्या अंगावरचं निजलेलं लेकरू कुणी काढून घेऊ लागलं की आई जशी धरते, तशी ओढ. मी जोर लावला, तिकडूनही जोर लागला.

"उचल की, काय करायलीस?" पद्मीणबाई म्हणाली. तिला काहीच दिसत नव्हतं.

जन्मात मी कुणाला मोठ्यानं बोलले नव्हते. तेव्हा बोलले, "सोड बाई. माझी हाय ती."

सुटली. मी पाठीवर आपटले, लेकरू छातीशी.

दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. मॅडमला सांगितलं, पोरगी आजारी आहे. तो टकटक आवाज पद्मीणबाईनंही ऐकला होता. पाखरू असेल म्हणाली. असेलही.

सुजाता आज शाळेत शिकवते, तिला यातलं काही माहीत नाही. उलगडा मला झालेला नाही. ओढीची भीती आता कमी झालीय… दुसरीच एक आहे. मी "माझी हाय" म्हणाले, तेव्हा त्या बाईनं लगेच सोडलं नव्हतं. थोडी थांबली होती — खरंच कुणाची, ते लेकराच्या तोंडाकडे बघून ठरवत असल्यासारखी.