आमच्या जीपचा भरवसा

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जीप घेतली ती मोहोळच्या एका विहिरी खोदणाऱ्या ठेकेदाराकडून. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं पेंडीचं दुकान होतं. पेंडवाल्याला जीप कशाला हवी, असं आईनं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "दारात शोभती की!" शोभायची खरी, कारण ती बहुतेक वेळ दारातच असायची.

तिचा सेल्फ मेलेला होता, म्हणजे किल्लीनं ती सुरू व्हायची नाही. हँडल मारावं तर ते उलटं फिरून मनगटावर बसायचं. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि निकाल दिला, "आप्पा, इंजन एकदम नवं हाय. फकत चालू होत न्हाय." वर सल्लाही दिला. चालू झाली की बंद करायची नाही, आणि बंद पडली की चालू करायच्या भानगडीत पडायचं नाही. आप्पांना हा सल्ला फार व्यवहारी वाटला.

तर आमची जीप धक्क्यावर चालायची. धक्का मारायला दणकट माणसं लागतात आणि आत बसायला एक हलकं. आप्पा आणि मी दोघंही अंगानं भरलेले. आईला गाडीची धास्ती. उरली माझी थोरली बहीण, अक्का. ती स्टिअरिंगवर बसायची, आम्ही ढकलायचो, आणि वेग आला की ती नेमक्या क्षणी क्लच सोडायची. जीप दोन उचक्या देऊन सुरू व्हायची. मग अक्का चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर सरकायची आणि आप्पा पळत येऊन आत उडी मारायचे. पुढं दिवसभर ते गावाला सांगायचे, गाडी चालवणं म्हणजे हाताची कला असते. मला राग यायचा, पण बोलायला दम उरलेला नसायचा.

अक्काला चोविसावं लागलं होतं आणि चार स्थळांनी नकार दिला होता. पाचवं स्थळ सांगोल्याचं. मुलगा शाळेत मास्तर. तो, त्याचे वडील आणि त्याची आत्या असे तिघं एप्रिलच्या भर उन्हात तिला बघायला आले. मुलानं स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. तो म्हणाला, "तुम्हाला काय करायला आवडतं?" अक्कानं तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांनीच उत्तर दिलं, "विणकाम!" अक्कानं जन्मात कधी सुई हातात धरली नव्हती. ती आत आली आणि आईला हळूच म्हणाली, "हे जमलं पायजे गं." अक्कानं कधी कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही.

शेंगाच्या पोळ्या खाऊन पाहुणे उठले. त्यांना साडेतीनची एस्टी गाठायची होती. आई म्हणाली, टांगा बोलवा. आप्पा उखडले. "दारात गाडी असताना पावणं टांग्यातनं? लई भरवशाची गाडी हाय. आजपत्तोर कुटं आडली न्हाय." अक्काला घरातच थांबायची ताकीद मिळाली. मुलगी जीपच्या स्टिअरिंगवर बसते हे कळलं असतं, तर पाचवा नकारही ठरलेलाच होता.

पाहुणे जीपमध्ये बसले. आप्पांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

"इंजन जरा थंड हाय," आप्पा म्हणाले. बाहेर कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते.

मग सगळ्यांना उतरावं लागलं. आत्या मात्र उतरेना. "गाडीत बसवलंय न्हवं? आता मी गाडीतच बसणार." तेव्हा आत्यांसकट जीप ढकलणं आलं. एका बाजूला मी, एका बाजूला मास्तर, मधे त्यांचे फेटेवाले वडील. आत आप्पा, ज्यांनी आजवर धक्क्यावर क्लच कधी सोडलाच नव्हता. त्यांनी तो तीन वेळा सोडला आणि तिन्ही वेळा जीप जागच्या जागी थबकली. आमची तोंडं मागच्या पत्र्यावर आपटली. तिसऱ्या वेळी फेटा धुळीत पडला. सव्वातीन वाजले होते.

घरातून अक्का धावत आली. नवी साडी, केसात गजरा, पाय अनवाणी.

"आप्पा, सरका."

"आत जा आदी!"

"एस्टी जाईल की त्यांची!" तिनं आप्पांना जवळजवळ ढकलूनच खाली उतरवलं, गिअर पहिलाच पडलेला बघून कपाळावर हात मारला आणि दुसरा टाकला. मग मागं वळून ओरडली, "मास्तर, डावीकडं जरा जोर लावा! खाली बघू नका, फुडं बघा!"

मास्तरांनी पुढं बघितलं. जीपनं दोन उचक्या दिल्या आणि सुरू झाली.

पण थांबवली तर ती पुन्हा बंद पडणार. म्हणून अक्का गल्लीच्या टोकाच्या पटांगणात आत्यांना घेऊन गोल फेऱ्या मारायला लागली. दर फेरीला आत्या हात हलवत काहीतरी ओरडायच्या. मास्तरांनी पळत पळत उडी मारली आणि वडिलांना बखोटीला धरून वर ओढलं. आप्पा दोन फेऱ्या मागं धावले, मग धुळीत उभे राहिले. जीप एस्टी स्टँडकडं निघून गेली. आप्पांच्या हातात पाहुण्यांचा फेटा राहिला.

"संपलं," ते म्हणाले. चार दिवस ते अक्काशी बोलले नाहीत. ती नुसती दाराकडं बघत बसायची आणि ते मला बघवायचं नाही.

आठव्या दिवशी आत्या एकट्याच आल्या. "फेटा न्यायला आले," म्हणाल्या. चहा प्यायल्या, मग कप खाली ठेवून बोलल्या, "पोरगी पसंत हाय. खरं एक अट हाय आमची. लग्नात ती गाडी देऊ नका."

मे महिन्यात लग्न झालं. त्यानंतर जीप सुरूच झाली नाही. आप्पांनी अख्ख्या गल्लीकडून ढकलून घेतली, मिस्त्रींनाही आत बसवून बघितलं. शेवटी ते सगळ्यांना सांगू लागले की इंजन बसलं. बॉनेटवर शेजाऱ्यांची शेळी चढून बसू लागली.

पंचमीला अक्का माहेरी आली, एस्टीनं. पिशवी खाली ठेवली, शेळीला हाकललं आणि आत बसली. "ढकला," म्हणाली. आप्पा आणि मी ढकलू लागलो. पटांगणापाशी दोन उचक्या देऊन जीप सुरू झाली. अक्का सवयीनं शेजारच्या सीटवर सरकली.

आप्पांनी उडी मारलीच नाही. ते जागीच थांबले. अक्का घाईघाईनं परत स्टिअरिंगवर आली.

"तूच चालव गं," आप्पा ओरडले. "मला कुटं येती?"

आणि गल्लीतले सगळे बघत असताना, ते पटांगणाच्या मधोमध उभे राहून रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अक्काला उतरून त्यांच्याजवळ यायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण गाडी थांबवता येत नव्हती. म्हणून ती डोळे पुसत आमच्याभोवती फेऱ्या मारत राहिली.