पंगतीत बसलेला कमांडर

येफ्रेम कोलोसोव लाल क्रांतिकारकांशी लढणाऱ्या पांढऱ्या फौजेत कमांडर झाला, पण आमच्या घरात तो शेवटपर्यंत नदीपलीकडच्या खोगीर शिवणाऱ्या कोसॅकचा पोरच. आई गेली तेव्हा बापानं त्याला आमच्याकडे आणून सोडलं. सासूबाईंच्या हातचं खाऊन तो वाढला. आम्हां डोंगरातल्या ओसेती लोकांची बोली शिकला, रीतही शिकला, आणि घोड्यावर त्याला मामंजींनीच बसवलं.

यादवीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो शिपाई घेऊन दारात आला. मान वर होईना त्याची.

"बाबा, वरून हुकूम आहे. गावातले सगळे घोडे न्यायचेत. रिकाम्या हातानं परतलो तर मला गोळी घालतील."

"आणि घोडे गेल्यावर नांगर कोण ओढणार, तू?" मामंजी म्हणाले. "आधी जेवायला बस."

पंगतीतला सर्वांत वडील माणूस सांगेपर्यंत उठायचं नाही, हा आमचा नियम. मामंजींनी देवाच्या नावानं पेला उचलला, मग प्रवाशांचा रखवाला वास्तिर्जी, मग पूर्वज, मग पीकपाणी. एरवी चार शब्द बोलायला महाग असलेल्या माणसानं त्या दिवशी नुसतं चऱ्हाट लावलं होतं. मी चीज भरलेल्या गरम पोळ्या वाढत राहिले.

घरामागून टापा ऐकू आल्या. हवालदार धावत आत आला. "साहेब, गावातली पोरं घोडे दरीत पळवतायत. हुकूम द्या."

येफ्रेम पेल्यातच बघत होता. "बाबा बोलतायत, दिसत नाही? वडील बोलताना मध्ये तोंड घालू नये. बाहेर थांब."

मला हसू आलं. मग त्याला रिकाम्या हातानं परतायचंय हे आठवलं आणि हसू विरलं.

उन्हं कलल्यावर मामंजी म्हणाले, "झालं. ऊठ आता, पोरा."

"थोडं बसू द्या, बाबा. इथून पुढं मला पंगतीला कोण घेणार?"

"मग जाऊच नकोस. दरीतली वाट तुला पाठ आहे."

"बाहेर माझी माणसं आहेत. मी पळालो तर हे त्यांच्या गळ्यात येईल."

तो उठला. वयानं लहान माणसासाठी कधी न उठलेले मामंजीही काठी टेकून उभे राहिले, तो नदीपार होईपर्यंत.

त्या शरदात गावातलं एकही शेत पडीक राहिलं नाही. येफ्रेमला त्याच्याच लोकांनी गोळी घातल्याचं पेरणी आटोपल्यावर कळलं.

"मीच त्याला पंगतीला बसवून मारलं," मामंजी म्हणाले.