माझ्या हाताला न कळलेलं

चूक माझीच होती. आज क्योतोत पहिल्या थंडीला रॉकेलचा हीटर पेटवला आणि त्या वासासरशी लेकीच्या वेळची एक संध्याकाळ आठवली. तेव्हा मी सतराव्या शतकातल्या संशयवादावर प्रबंध लिहीत होतो. हीटरशी पाय शेकत बसलेल्या मीराने, माझ्या बायकोने, माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बाळ हललं, बघ."

मला काहीच जाणवलं नाही. "भास असेल. इंद्रियं फसवतात," मी म्हणालो.

"मग घाल तेही प्रबंधात," ती हसत म्हणाली; पण पुन्हा कधी तिने माझा हात ओढला नाही.

माझ्या प्रबंधातल्या तत्त्वज्ञांनी स्वतःच्या इंद्रियांवर शंका घेतली होती. मी तिच्यावर घेतली.

आज मीरा चहा घेऊन तातामीच्या चटईवर बसली, तेव्हा म्हणालो, "त्या दिवशी बाळ हललं होतं. माझ्या हाताला कळलं नाही, एवढंच. माझं चुकलं, मीरा."