जनावरं वाट बघत्यात

"पानी हाय यात," असं म्हणून नाना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे.

बोटांत काही नसायचं. दुसऱ्या हातात मी दोन दिवस खपून लिहिलेला संवादांचा कागद असायचा. नाना आमच्या गावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचे. फॅटचं मशीन आलं तरी आधी त्यांची बोटं निकाल द्यायची आणि मशीन मागाहून होकार द्यायचं. त्याच बोटांनी ते माझं लिखाण तपासत. पानभर संवादाच्या दोन ओळी करून टाकत आणि मी लेखक असल्यामुळे मनातल्या मनात चरफडत असे. मग शूटिंगच्या वेळी त्याच दोन ओळींना कॅमेरावाल्याचा हात हसून हलायचा आणि शॉट पुन्हा घ्यावा लागायचा.

तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथं आम्ही चार-पाच जणांनी मोबाईलवर दाखवायची एक विनोदी मालिका काढली होती. नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिली ते ओळखतील आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांचं काही अडलेलं नाही. त्याआधी मी लग्नांचे व्हिडिओ काढायचो. नवरीच्या आत्याला संथ गतीनं नाचवून नाचवून मला कलेचा वीट आला होता, म्हणून हा उद्योग.

पहिल्याच भागाला नगरहून यायचा तो नट आला नाही. फोनही बंद. आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो आणि समोरून नाना डेअरीची सकाळपाळी उरकून घरी चालले होते.

"नाना, या खाटेवर जरा बसता का? शेजाऱ्याशी चार शब्द बोलायचेत."

"खरं बोलायचं का खोटं?"

"खोटं."

"मग च्या तरी खरा आना."

रिकाम्या कपातून चहा प्यायचं सोंग त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. एका भागात त्यांना पाच वेळा चहा प्यावा लागला, कारण समोरचा नट वाक्य विसरत होता. सहाव्या वेळी त्या नटाकडे बघून नाना शांतपणे म्हणाले, "बाबा, तुझं पाठांतर हुईस्तवर मला शुगर हुईल." हे कागदावर नव्हतं. आम्ही ते तसंच ठेवलं. लोकांनी त्या वाक्यावर जीव टाकला.

चार वाजले की मात्र नाना कुणाचे नव्हते. घड्याळ बघत नसत, सावली बघत. चालू शॉटमधून उठून टोपी झटकत निघायचे. "अहो नाना, एकच वाक्य राहिलंय!" "ते उद्या बोलंन की. डेरीत रांग लागली आसंल." त्यामुळे आमच्या मालिकेतले कितीतरी भाग मध्येच तुटल्यासारखे संपत. जाणकार लोक त्याला आमची शैली म्हणायचे. आम्हीही नाही म्हटलं नाही.

आता नानांचं दुसरं काम सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे कुणाचा दहावा असला की प्रवचन होतं आणि मग माईकवरून श्रद्धांजल्या सुरू होतात. तुम्हीही बसला असाल अशा दहाव्याला. एकेक पुढारी उठतो. गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीत बघून घेतो. कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगतो आणि पुढच्या गावच्या पोकळीकडे गाडी घेऊन निघून जातो. सगळ्यांत शेवटी गावाच्या वतीनं नाना उठायचे. रोज दोनदा सगळं गाव त्यांच्यापुढे किटली घेऊन उभं राहायचं, त्यामुळे प्रत्येकाचं काही ना काही त्यांना ठाऊक असे. गेलेल्या माणसाची एकच गोष्ट सांगायचे, साधी, खरी. मग माईक खाली ठेवायचे आणि फक्त घरच्यांकडे बघून म्हणायचे, "सावरा आता. जनावरं वाट बघत्यात."

माझे वडील गेले तेव्हा मी नगरला कॉलेजात होतो. त्यांच्या दहाव्याला मी हे वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं. दहा दिवस भिंतीला टेकून बसलेली माझी आई त्या दिवशी घरी आली ती सरळ गोठ्यात गेली आणि म्हशीचं दावं सोडून तिला हौदावर घेऊन गेली.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

मालिकेत नाना जे पात्र करायचे, त्याला एक हमखास हशा पिकवणारं वाक्य पाहिजे होतं. सगळ्यांच्या मालिकांत असतं तसं. मी एक प्रसंग लिहिला. शेजाऱ्याचा मोबाईलचा चार्जर हरवलाय, तो डोक्याला हात लावून ओट्यावर बसलाय. नाना येतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "सावरा आता. जनावरं वाट बघत्यात." शेजाऱ्याकडे जनावर म्हणून एक मांजरसुद्धा नाही.

नानांनी कागद वाचला. बोटं घासली नाहीत.

"यात पानी न्हाई रं," एवढंच म्हणाले आणि कागद मला परत दिला.

मी गाढव, मला ती शाबासकी वाटली.

वाक्य चाललं. चाललं म्हणजे उधळलंच. पुढच्या प्रत्येक भागात ते घालावं लागलं. कुणाचं दळण सांडलं, कुणाची एसटी चुकली, कुणाला मुलगी बघायला गेल्यावर पोहेच मिळाले नाहीत, की सावरा आता. शेवगावच्या बाजारात एका कापडवाल्यानं ते बनियनवर छापलं. लग्नाच्या मांडवात नवरदेव नानांना स्टेजवर ओढून न्यायचे आणि तेवढं वाक्य म्हणायला लावायचे. नाना म्हणायचे. मालिकेवर माझं घर चालू लागलं, माझं लग्न ठरलं. घरी आई सगळे भाग बघायची, पदर तोंडाला लावून हसायची. त्या वाक्याला मात्र ती उठून पाणी प्यायला जायची. मी ते पाहत होतो, पण कधी विचारलं नाही.

मग गावातला एक टेम्पोवाला अपघातात गेला. वय फार नव्हतं. दहाव्याला गर्दी मावत नव्हती. नाना उठले. त्या पोरानं एकदा डेअरीचे बंद पडलेले काटे भर उन्हात नगरला नेऊन दुरुस्त करून आणले होते आणि भाड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. मग माईक खाली ठेवला आणि त्याच्या बायकोकडे बघून म्हणाले, "सावरा आता."

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. ते दाबायला गेलेला दुसरा हसला. वाईट मनाचं नव्हतं कुणी, पण हसू ते हसूच. बघता बघता ते अर्ध्या मांडवात फिरलं. त्याची बायको वर बघायला लागली, हे लोक का हसतात म्हणून. नानांचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ते टोपी काढून खाली बसले. मी तिथंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपाळी उरकून ते माझ्या दारात आले.

"उद्यापासनं मी न्हाई."

"नाना, दहाव्याला नका जाऊ काही दिवस. लोक विसरतील."

"दहावा न्हाई सोडत. तुझी मालिका सोडतो."

मी चिडलो. आज सांगायला लाज वाटते, पण चिडलो. "लाखो लोक तुम्हाला बघतात नाना! या एवढ्याशा गावासाठी त्यांना सोडणार?"

"ते लाखो माझ्याकडं दूध घालाया येत न्हाईत," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. "लेका, तुझ्यावर राग न्हाई माझा. मी बी व्हय म्हनलोच हुतो की. तुझं घर हुबं राहत हुतं, मला वाटलं जाऊ दे एक वाक्य. पन ते एकच हुतं माझ्याकडं."

ते गेल्यावर मी आईजवळ बडबड सुरू केली. नानांनी कसा दगा दिला, आता माझं कसं होणार. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुझा बाप गेला तवा मला जगायचं न्हवतं," ती म्हणाली. "नानांच्या त्या सबुदावर मी उठले. तू तो चार्जरला लावलास."

एवढंच बोलली आणि पुन्हा निवडायला लागली.

टीव्हीवरच्या मोठ्या विनोदी मालिकांचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मुख्य नट सोडून जातो. मग बाकीचे त्याच सोफ्यावर बसून, तो अमेरिकेला गेलाय असं एकमेकांना सांगत राहतात. आमची ऐपत तेवढी नव्हती. आम्ही नानांच्या पात्राला मुलीकडे शेवगावला पाठवलं आणि त्या खाटेवर एक तरबेज नट आणून बसवला. तो रिकाम्या कपातून झकास चहा प्यायचा. दोन भागांनंतर व्हिडिओखाली लोकांचा एकच प्रश्न यायला लागला, नाना कवा येनार? तिसरा भाग आम्ही केलाच नाही.

मालिका संपली. मी पुन्हा नवरीच्या आत्यांकडे वळलो. एक काम मात्र केलं. ज्या ज्या भागात ते वाक्य होतं, ते सगळे भाग काढून टाकले. तेच सगळ्यांत जास्त पाहिले जायचे. नानांना मी हे सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण त्यानंतर एकदा मी डेअरीसमोरून जात असताना त्यांनी मला हाक मारून आत बसवलं आणि आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला.

नाना दहाव्याला जात राहिले, पण मागे बसत. बोलत नसत. लोक आग्रह करायचे, तर म्हणायचे, "आजून न्हाई. आजून हसू निवलं न्हाई." दूध निवायला ठेवावं तसे ते वाट बघत होते. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा पावसाळा आला.

यंदा माझी आई गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नाना घरी आले. ओट्यावर माझ्याशेजारी बसले. आजवर कधी त्यांनी कुणाला विचारल्याचं मला माहीत नाही. मला विचारलं.

"उद्या मी बोलू का?"

"बोला ना, नाना."

"हासले तर? तुझ्या आईच्या दहाव्याला?"

"आईला दुसऱ्या कुणाचं चालणार नाही," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पोटऱ्या चोळत उठले.

पुढाऱ्यांच्या पोकळ्या आटोपल्यावर नाना उभे राहिले. इतक्या दिवसांनी उठलेले पाहून मांडवात चुळबुळ झाली. पाच-सहा मोबाईल वर गेले. मला घाम फुटला. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवले होते, तिथून तो ओघळलेला मला कळत होता. माझ्याच हातानं मी हे करून ठेवलं होतं आणि आता त्याचा निकाल माझ्या आईच्या दहाव्याला लागणार होता.

"एकदा संध्याकाळी ही बाई आली," नाना म्हणाले. "भुरभुर पाऊस हुता. किटली माझ्यापुढं ठिवली आन म्हनली, नाना, येताना झाकन सरकलं. पावसाचं चार थेंब पडल्यात. तसं धरा. मी म्हनलो, चार थेंबानं काय हुतं? तर म्हनली, तुमाला न्हाई कळायचं, पन मला माहीत हाय ना." नाना थांबले. "लई वर्सं दूध मापलं मी. हे सांगनारी एकच."

एक मोबाईल खाली आला. मग दुसरा. मी मोजत नव्हतो, पण दिसत होतं.

नानांनी माईक खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. हात टोपीला लावला.

"सावरा आता," म्हणाले. आणि थांबले.

कुणी हसलं नाही. मागे एक लहान मूल काहीतरी बोललं, त्याच्या आईनं त्याला जवळ ओढलं. नानांनी पुरता एक श्वास घेतला.

"जनावरं वाट बघत्यात."

दहा दिवस माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मंडप, आचारी, पाहुणे, याद्या यांतच होतो. तिथं मी हुंदके देऊन रडलो. आईसाठी रडलो आणि नानांसाठीही. लाखोंची वाहवा त्या माणसानं सोडली होती, म्हणून ते वाक्य त्या सकाळी माझ्या वाट्याला आलं, जसंच्या तसं. मालिका टिकली असती तर मला काय मिळालं असतं ते मला माहीत आहे. हे मिळालं नसतं.

घरी आलो. आईची गाय गोठ्यात दाराकडे तोंड करून उभी होती. दहा दिवस शेजारीच तिचं बघत होते. मी तिला पाणी दाखवलं, वैरण टाकली. संध्याकाळी धार काढायला बसलो. मला सवय नव्हती, निम्मं दूध तिनं चोरलं.

किटली घेऊन डेअरीत रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा नानांनी झाकण काढलं, दोन थेंब बोटांवर घेतले आणि अंगठा फिरवला.

"बरं हाय," म्हणाले. "सकाळी येळेवर ये."