आधी आपली जाळी बघा

ग्लेनिस टॉलबटचं अर्धं आयुष्य लोकांना एकच गोष्ट पटवण्यात गेलं. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून जे आत जातं ते कुठेही गाळलं जात नाही, थेट नदीत जातं. न्यू साउथ वेल्समधल्या त्या लहानशा शहराच्या नगरपालिकेने तिला याच कामाला ठेवलं होतं. शाळेतल्या मुलांना घेऊन ती जाळ्यांशेजारी पिवळे मासे रंगवायची. शनिवारी फाटकापुढची हिरवळ कापून गवत गटारात लोटणारा कुणी सापडला, तर त्याला असं फैलावर घ्यायची की बिचारा रविवारी स्वतःच ते पिशवीत भरून न्यायचा.

घरात मात्र तिची डाळ शिजत नसे. नवरा क्लाइव्ह रेल्वेतून निवृत्त झालेला, हाताला घट्टे पडलेला माणूस, पण जाळीला बोट लावेल तर शपथ. नगरपालिकेच्या योजनेत प्रत्येक घराने एक जाळी दत्तक घेऊन तिला नाव द्यायचं होतं. क्लाइव्हने नाव दिलं 'सासूबाई'.

"कितीही घाला, पोट म्हणून भरत नाही," तो म्हणायचा. "आणि तिचं सगळं तिच्या लेकीने करावं. मी पडलो जावई."

सगळं गाव त्यावर हसायचं, ग्लेनिससुद्धा.

मग तिने घरोघरच्या फ्रिजवर लावायला मॅग्नेट छापून घेतले. त्यावर लिहिलं होतं, 'पाऊस लागला? आधी आपली जाळी बघा.' गटारं उपसणाऱ्या टोळीचा मुकादम रसेल ते वाचून कुरकुरला.

"अगं, 'पावसाच्या आधी' असं लिही. भर पावसात कशाला लोकांना बाहेर काढतेस?"

"आधी कोणाला आठवण होते रे? पाणी दारात आलं की मग जाग येते."

रसेलने विषय सोडून दिला. त्याने भांडायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिने ऐकलं नसतं.

जानेवारीत वादळ आलं. दुपारी तीनला गावच्या रेडिओवर ग्लेनिसला बोलावलं होतं. जाळ्या बघा, पालापाचोळा काढा, असं तिने घसा फोडून सांगितलं. निवेदकाने विचारलं, "आणि तुमच्या सासूबाई काय म्हणतात?"

"तुंबल्या असतील," ती हसून म्हणाली. "आमचे जावईबापू खुर्चीत बसून चहा ढोसत असतील ना."

क्लाइव्हच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता.

पुढचं शेजारच्या लॉर्नाने खिडकीतून पाहिलं. गुडघाभर पाण्यात वाकून तो दाताळ्याने पाला ओढत होता. जाळी मोकळी झाली, पाण्याने एकदम ओढ घेतली आणि पाय निसटून तो पाण्याखाली ओढला गेला. लॉर्ना धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अर्ध्या तासात रस्त्यावरचं पाणी ओसरलं. गल्लीतल्या एकाही घरात थेंब शिरला नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या दालनात सँडविच आणि चहा होता. जो तो तिचा हात धरून म्हणत होता, "त्याच्यामुळे आमचं घर वाचलं." बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला चांगलं खडसावावं. रेडिओचं नाव कुणीच काढलं नाही.

महिन्याभराने ती मॅग्नेट परत गोळा करायला निघाली. दार वाजवायची, जुना मागून घ्यायची, नवा द्यायची. नव्यावर लिहिलं होतं, 'पावसाच्या आधी जाळी बघा. पावसात बाहेर पडू नका.' शाळेत एका मुलीने विचारलं, "जुन्यात चूक होती का?"

"हो बाळा. ती मी केली होती."

एप्रिलमध्ये गोळा केलेल्या जुन्या मॅग्नेटची पेटी घ्यायला रसेल घरी आला. त्याची नजर फ्रिजवरच्या जुन्या मॅग्नेटकडे गेली. "अगं, तुझाच राहिलाय की," असं म्हणत त्याने हात पुढे केला.

"त्याला हात लावू नकोस."

त्या मॅग्नेटखाली एक चिठ्ठी अडकवलेली होती. क्लाइव्हचं अक्षर, घाईघाईने लिहिलेलं.

'ग्लेन, सासूबाईंकडे जातोय. चहा तसाच ठेवलाय, बघ हवं तर. उद्या रेडिओवर सांग.'

रसेलने टोपी काढली.

"मी अजून सांगितलेलं नाही रे," ग्लेनिस म्हणाली.